गुलामगिरीविरोधी स्त्रिया, अमेरिकन यादवी युद्धकालीन : चरित्रसाधने व संशोधन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) गुलामगिरीच्या उच्छेदासाठी लेखन, व्याख्याने, सार्वजनिक अर्ज, शुश्रूषा, शिक्षण आणि प्रत्यक्ष लष्करी साहाय्य अशा विविध मार्गांनी झटलेल्या स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास. त्यांत बॉस्टन व फिलाडेल्फिया येथील सुखवस्तू गौरवर्णीय कुटुंबांतील स्त्रिया होत्या, उत्तरेकडील स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबांतील शिक्षिका व व्याख्यात्या होत्या आणि ज्यांनी स्वतः गुलामगिरी भोगली होती अशा स्त्रियाही होत्या. यांपैकी पहिल्या वर्गाची पत्रे पेट्यांतून व ग्रंथालयांतून जपली गेली. तिसऱ्या वर्गातील अनेकींना लिहिता येत नव्हते. त्यामुळे या विषयात कोणी काय केले, या प्रश्नाआधी कोणाविषयी कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहून ठेवले, हा प्रश्न सोडवावा लागतो. एखादी स्त्री सरकारी दप्तरात परिचारिका म्हणून नोंदली गेली की धोबीण म्हणून, यावर तिचे उतारवयातील पोट अवलंबून होते. इतिहासातील तिचे स्थानही पुढे दीर्घकाळ त्याच नोंदीवर ठरत राहिले.

पार्श्वभूमी : १८६० च्या शिरगणतीनुसार संयुक्त संस्थानांत सु. ३९·५ लाख गुलाम होते. गुलामगिरीविरोधी चळवळीत स्त्रियांच्या स्वतंत्र संस्था १८३० नंतरच्या दशकात निघाल्या. फिलाडेल्फियाची संस्था १८३३ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापक सदस्यांत ल्यूक्रीशिया मॉट (१७९३–१८८०) यांच्याबरोबर फोर्टन या कृष्णवर्णीय कुटुंबातील स्त्रियाही होत्या. ही संस्था १८७० पर्यंत चालू होती. युद्ध सुरू झाले तेव्हा चळवळीपुढे एक नैतिक पेच उभा राहिला. मॉट यांच्यासारख्या क्वेकर पंथीय स्त्रिया शस्त्रबळाच्या तत्त्वतः विरोधी होत्या. उलट गुलामगिरी शस्त्रानेच संपेल, असे दिवसेंदिवस स्पष्ट होत होते. १८६३ मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांच्या शिक्षणासाठी कँप विल्यम पेन ही छावणी उघडली, ती फिलाडेल्फियाजवळ मॉट यांच्या घराला लागूनच, त्यांच्या जावयाच्या जमिनीवर. अहिंसेचे तत्त्व न सोडता मॉट यांनी त्या सैनिकांविषयी आस्था दाखविली. हा पेच त्यांच्या भाषणांपेक्षा खाजगी पत्रांतून अधिक उलगडतो. त्यांची निवडक पत्रे २००२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

पत्रे, नियतकालिके व अर्ज : युद्धकालीन साधनांत सर्वांत विपुल आहेत ती पत्रे व साप्ताहिके. विल्यम लॉइड गॅरिसन यांचे द लिबरेटर (१८३१–६५) आणि नॅशनल अँटी-स्लेव्हरी स्टँडर्ड (१८४०–७०) यांत स्त्रियांनी छावण्यांतून व शाळांतून पाठविलेली पत्रे छापली जात. फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय मेथडिस्ट पंथाचे ख्रिश्चन रेकॉर्डर हे पत्र या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्यातील लेखन कृष्णवर्णीय वाचकांसाठी असल्याने गौरवर्णीय देणगीदारांचे मन वळविण्याचा सूर त्यात कमी आढळतो. लिडिया मारिया चाइल्ड (१८०२–८०) यांचा पत्रव्यवहार अफाट होता. १८८३ मध्ये त्यातील एक निवड प्रसिद्ध झाली. समग्र पत्रव्यवहार सूक्ष्मपत्रांच्या रूपाने अभ्यासकांच्या हाती येण्यास १९८० साल उजाडावे लागले.

सार्वजनिक अर्ज हे एक वेगळेच साधन होय. एलिझाबेथ केडी स्टँटन व सूझन बी. अँथनी यांनी मे १८६३ मध्ये न्यूयॉर्क येथे विमेन्स लॉयल नॅशनल लीग ही संघटना स्थापन केली. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेने केवळ बंडखोर प्रदेशांतील गुलाम मुक्त ठरत होते. म्हणून सर्व गुलामांची कायद्याने मुक्तता व्हावी, या मागणीसाठी दहा लाख सह्या जमविण्याचा लीगचा संकल्प होता. ९ फेब्रुवारी १८६४ रोजी सीनेटर चार्ल्स सम्नर यांनी पहिल्या एक लाख सह्या सीनेटपुढे ठेवल्या. कागदांच्या त्या अवजड गुंडाळ्या दोन धिप्पाड कृष्णवर्णीयांनी सभागृहात वाहून आणल्या होत्या. सह्यांपैकी सु. ६५ हजार स्त्रियांच्या होत्या. पुढे एकूण संख्या चार लाखांच्या घरात गेली. संकल्पित आकडा गाठला गेला नाही, तरी गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये संमत झाली, तीत या मोहिमेचा वाटा मोठा आहे. मतदानाचा हक्क नसलेल्या हजारो सामान्य स्त्रियांचे राजकीय मत त्यांच्या स्वतःच्या अक्षरात नोंदले गेले, ते या अर्जांवर. त्यांपैकी बहुतेकींविषयी दुसरा कोणताही सार्वजनिक कागद नाही. लीगचा प्रचलित वृत्तांत मात्र स्टँटन, अँथनी व माटिल्डा जॉस्लिन गेज यांनीच संपादिलेल्या हिस्टरी ऑफ विमन सफ्रेज या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडातून (१८८२) रूढ झाला. युद्धानंतरच्या मताधिकाराच्या वादात गुंतलेल्या नेत्यांनीच तो लिहिला असल्यामुळे मूळ अर्जांशी व समकालीन वृत्तपत्रांशी ताडूनच तो वापरणे इष्ट ठरते.

दैनंदिन्या : नोव्हेंबर १८६१ मध्ये संघराज्याच्या आरमाराने दक्षिण कॅरोलायनातील पोर्ट रॉयल हे बंदर जिंकले, तेव्हा तेथील बेटांवरील मळेवाले पळून गेले आणि सु. दहा हजार गुलाम मागे राहिले. त्यांना शिकविण्यासाठी उत्तरेतून आलेल्या शिक्षिकांत फिलाडेल्फियाच्या लॉरा टाउन (१८२५–१९०१) आणि शार्लट फोर्टन (१८३७–१९१४) या होत्या. टाउन यांनी १८६२ मध्ये सेंट हेलीना बेटावर पेन स्कूल सुरू केले व उर्वरित आयुष्य तेथेच घालविले. त्यांची पत्रे व दैनंदिनी १९१२ मध्ये प्रसिद्ध झाली. फोर्टन या स्वतंत्र व सुशिक्षित कृष्णवर्णीय घराण्यातील. ऑक्टोबर १८६२ मध्ये त्या बेटावर आल्या आणि १८६४ मध्ये परतल्या. त्यांच्या अनुभवांवरील लेख अटलांटिक मंथली या मासिकात मे व जून १८६४ मध्ये आला. तो सार्वजनिक वाचकासाठी नीटनेटका केलेला आहे. दैनंदिनीत मात्र एकाकीपण, आजारपण, सैनिकांची उर्मट वागणूक आणि ज्यांना शिकवावयाचे त्यांच्याच भाषेविषयी वाटणारे परकेपण हेही उमटले आहे. ही दैनंदिनी प्रथम १९५३ मध्ये छापली गेली, तीही संक्षिप्त रूपात. संपादकाला कौटुंबिक व स्थानिक तपशील अनावश्यक वाटले, म्हणून ते वगळण्यात आले. चरित्रकाराला हवे असते ते बरेचसे याच भागात होते. संपूर्ण संहिता ब्रेंडा स्टीव्हन्सन यांच्या संपादनाने १९८८ मध्ये उपलब्ध झाली.

दैनंदिनीचा उपयोग लिहिणारीपुरताच नसतो. ३१ जानेवारी १८६३ च्या नोंदीत फोर्टन यांनी बोफर्ट येथे हॅरिएट टबमन यांची भेट झाल्याचे लिहिले आहे. टबमन त्या वेळी तेथे एक खाणावळ चालवीत होत्या. निरक्षर स्त्रीच्या युद्धकालीन दिनक्रमाचा असा तारीखवार पुरावा बहुधा साक्षर स्त्रीच्या वहीतच सापडतो.

दुसऱ्यांच्या लेखणीतून आलेली चरित्रे : सोजर्नर ट्रूथ (सु. १७९७–१८८३) यांचे उदाहरण सर्वांत बोधक आहे. त्या न्यूयॉर्क राज्यातील अल्स्टर परगण्यात गुलाम म्हणून जन्मल्या. त्यांची मातृभाषा डच होती. १८५० चे त्यांचे आत्मकथन त्यांनी ऑलिव्ह गिल्बर्ट यांना सांगून लिहविले. १८५१ मध्ये ओहायओतील ॲक्रन येथील स्त्रीहक्क परिषदेत त्यांनी केलेल्या भाषणाचा वृत्तांत मेरियस रॉबिन्सन यांनी २१ जून १८५१ रोजी अँटी-स्लेव्हरी ब्यूगल या पत्रात छापला. तो साध्या प्रमाण इंग्रजीत आहे. एप्रिल १८६३ मध्ये, म्हणजे युद्ध ऐन भरात असता, हॅरिएट बीचर स्टो यांचा ट्रूथ यांच्यावरील लेख अटलांटिक मंथली मध्ये आला आणि त्याच महिन्यात परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सेस गेज यांनी त्या भाषणाचा निराळाच पाठ प्रसिद्ध केला. या बारा वर्षांनंतरच्या पाठात ट्रूथ दक्षिणेतील गुलामांच्या बोलीत बोलतात, एक प्रश्न पालुपदासारखा पुनःपुन्हा विचारतात आणि आपल्याला तेरा मुले झाल्याचे सांगतात. वस्तुतः त्यांना पाच अपत्ये होती व दक्षिणेशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही जगभर प्रसिद्धी पावला तो गेज यांचाच पाठ. नेल अर्व्हिन पेंटर यांनी १९९६ च्या चरित्रात ही घडण कशी झाली याचा उलगडा केला आहे. गेज यांनी लबाडी केली, असे मात्र म्हणता येत नाही. युद्धकाळातील उत्तरेच्या वाचकाला दक्षिणेतील पीडित गुलामाचे जे चित्र अपेक्षित होते, त्यात त्यांनी आठवणीतील भाषण बसविले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

२९ ऑक्टोबर १८६४ रोजी ट्रूथ यांनी अध्यक्ष लिंकन यांची भेट घेतली. या एकाच भेटीची दोन वर्णने उपलब्ध आहेत. ट्रूथ यांनी काही दिवसांनी सांगून लिहविलेल्या पत्रात लिंकन यांच्या सौजन्याची वाखाणणी आहे. त्यांच्याबरोबर गेलेल्या लूसी कोलमन यांच्या १८९१ च्या आठवणींत लिंकन यांच्या वागण्यात तितकी आपुलकी दिसत नाही. पहिले वर्णन निवडणुकीच्या दिवसांतील आणि प्रसिद्धीसाठी; दुसरे एका पिढीनंतरचे. दोन्हीपैकी एकच खरे मानण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा, हे बरे. ट्रूथ यांचे स्वतःवर सर्वाधिक नियंत्रण दिसते ते त्यांच्या छायाचित्रांत. युद्धकाळात त्यांनी आपली लहान छायाचित्रे काढवून घेऊन उपजीविकेसाठी विकली. त्यांत त्या साध्या, प्रतिष्ठित वेशात, हाती विणकाम घेऊन बसलेल्या आहेत.

हॅरिएट जेकब्झ (सु. १८१३–९७) यांच्या बाबतीत प्रश्न नेमका उलट होता. त्यांनी स्वतः लिहिले, पण ते त्यांचे आहे यावर विश्वास ठेवला गेला नाही. उत्तर कॅरोलायनातील ईडन्टन येथील गुलामगिरीचे आणि मालकाच्या लैंगिक छळाचे त्यांचे आत्मकथन १८६१ मध्ये ‘लिंडा ब्रेंट’ या टोपणनावाने निघाले. संपादक म्हणून चाइल्ड यांचे नाव होते. पुढे ते चाइल्ड यांचेच कादंबरीवजा लेखन असावे, असा समज बळावला आणि १९७० नंतरच्या दशकातही नामवंत इतिहासकारांनी ते प्रमाण मानण्यास नकार दिला. जीन फॅगन येलिन यांनी रॉचेस्टर विद्यापीठातील कागदपत्रांत जेकब्झ यांनी आपली मैत्रीण एमी पोस्ट यांना लिहिलेली पत्रे अभ्यासिली. त्यांतील शैली, शुद्धलेखन व घटना ताडून त्यांचे कर्तृत्व १९८१ मध्ये सिद्ध केले आणि १९८७ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. या शोधामुळे जेकब्झ यांचे युद्धकार्यही उजेडात आले. १८६२ पासून त्या वॉशिंग्टन व अलेक्झांड्रिया येथे, पळून आलेल्या गुलामांच्या छावण्यांत मदतकार्य करीत होत्या. त्या छावण्यांतील रोगराई व मृत्यू यांविषयी त्यांनी द लिबरेटर मध्ये सप्टेंबर १८६२ मध्ये लिहिले. जानेवारी १८६४ मध्ये अलेक्झांड्रियात शाळा उघडताना तिचा कारभार गौरवर्णीय मिशनऱ्यांनी पाहावा की मुक्त झालेल्या लोकांनीच, असा वाद उद्भवला, तेव्हा निर्णय लोकांवर सोपवावा असा आग्रह जेकब्झ यांनी धरला. शाळा लोकांच्याच हाती राहिली. जेकब्झ कुटुंबाची कागदपत्रे २००८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाली.

सरकारी दप्तरे व निवृत्तिवेतन : ज्यांच्याजवळ पत्रे व दैनंदिन्या नव्हत्या, त्यांच्या जीवनाचा माग प्रामुख्याने सरकारी कागदांत लागतो. संघराज्याच्या लष्करी रुग्णालयांत सेवा केलेल्या २१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी वॉशिंग्टन येथील दप्तरांत मिळतात. त्या कोणत्या नावाखाली नोंदल्या गेल्या, याला फार महत्त्व होते. ऑगस्ट १८९२ च्या कायद्याने युद्धातील परिचारिकांना दरमहा १२ डॉलर निवृत्तिवेतन मिळू लागले. स्वयंपाकिणी व धोबिणी त्यातून वगळल्या गेल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांनी रात्रंदिवस शुश्रूषा केली असली, तरी पटावर त्या बहुधा याच दोन नावांनी चढविल्या गेल्या होत्या. सूझी किंग टेलर (१८४८–१९१२) या जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मल्या. त्या पहिल्या दक्षिण कॅरोलायना स्वयंसेवक पलटणीबरोबर चार वर्षांहून अधिक काळ होत्या. पटावर धोबीण असलेल्या टेलर यांनी जखमींची सेवा केली, सैनिकांना वाचायला शिकविले, बंदुका स्वच्छ केल्या. वेतन वा निवृत्तिवेतन काहीच मिळाले नाही. १९०२ मध्ये त्यांनी आपल्या छावणीतील आठवणी स्वतः प्रसिद्ध केल्या, म्हणून एवढे तरी ज्ञात आहे.

हॅरिएट टबमन (सु. १८२२–१० मार्च १९१३) यांचे नाव सर्वपरिचित असले, तरी त्यांचे चरित्र दीर्घकाळ दंतकथांनी झाकलेले होते. १८४९ मध्ये मेरिलंडमधून पळाल्यावर त्यांनी गुलामांना सोडवून आणण्यासाठी १९ फेऱ्या केल्या व ३०० माणसे सोडविली, हे आकडे सेरा ब्रॅडफर्ड यांच्या १८६९ च्या चरित्रातून रूढ झाले. टबमन यांना आर्थिक मदत व्हावी म्हणून ते पुस्तक घाईने लिहिले गेले होते. केट क्लिफर्ड लार्सन यांनी न्यायालयीन कागद, मालकांची मृत्युपत्रे, जाहिराती व समकालीन पत्रे जुळवून २००४ मध्ये सु. १३ फेऱ्या व सु. ७० माणसे असा हिशेब मांडला. आकडा लहान झाला, पण प्रत्येक सुटकेमागील माणसे नावानिशी ओळखता येऊ लागली. पळालेल्या ‘मिंटी’ला पकडून देण्यासाठी मालकिणीने ऑक्टोबर १८४९ मध्ये दिलेल्या जाहिरातीत तिचे वय सु. २७ दिले आहे; जन्मवर्ष ठरविण्यास याचा मोठा आधार झाला. ज्या कागदाचा हेतू माणसाला पुन्हा बेडीत घालण्याचा, तोच आज त्याच्या चरित्राचे साधन ठरावा, हा या संशोधनातील नेहमीचा अनुभव आहे.

युद्धात टबमन १८६२ पासून दक्षिण कॅरोलायनात परिचारिका, स्वयंपाकीण, टेहळणी करणाऱ्या माणसांच्या प्रमुख व हेर होत्या. २ जून १८६३ रोजी कर्नल जेम्स माँटगोमेरी यांच्या पलटणीने कंबाही नदीतून केलेल्या चढाईत त्या सोबत होत्या. त्या एका रात्रीत सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. हेरगिरीची नेमणूकपत्रे सहसा केली जात नाहीत. त्यामुळे युद्धानंतर वेतनाचा दावा करताना त्यांच्याजवळ अधिकाऱ्यांची काही शिफारसपत्रेच होती. १८९५ मध्ये त्यांना दरमहा ८ डॉलर मंजूर झाले, ते नेल्सन डेव्हिस या दिवंगत सैनिकाची विधवा म्हणून. त्यासाठीही पतीने सैन्यात नेल्सन चार्ल्स हे नाव लावले होते, म्हणून दोन्ही माणसे एकच, हे साक्षीदारांकरवी शाबीत करावे लागले. १८९८ च्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी तीन वर्षांच्या सेवेपोटी १,८०० डॉलरचा दावा सांगितला. १८९९ मध्ये काँग्रेसने खास कायद्याने निवृत्तिवेतन २० डॉलर केले. ही वाढ त्यांच्या शुश्रूषेच्या आधारावर देण्यात आली. कायद्याच्या मजकुरात त्या एका सैनिकाची विधवाच राहिल्या. टेहळणीचा उल्लेख नव्हता.

नावांची अडचण या विषयात पदोपदी येते. ॲरमिंटा रॉस, हॅरिएट टबमन व हॅरिएट डेव्हिस ही एकच स्त्री. सूझी बेकर, किंग व टेलर ही दुसरी. ट्रूथ पूर्वाश्रमीच्या इझाबेला. गुलामाला मालकाचे आडनाव चिकटे, विवाहाने दुसरे येई आणि मुक्तीनंतर कित्येक जणी स्वतःच नवे नाव घेत. गौरवर्णीय स्त्रिया वृत्तपत्रांत पतीच्या नावाने वावरत. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलण्याची रूढी महाराष्ट्रातही असल्यामुळे ही अडचण मराठी चरित्रकारांना अपरिचित नाही. जुनी वृत्तपत्रे व दप्तरे अलीकडे संगणकावर शोधता येतात, तरी जिचे एकच नाव ठाऊक आहे तिचा निम्मा माग तेथेही सुटतो.

संशोधनाची वाटचाल : अर्ल कॉनरॅड यांचे टबमन-चरित्र १९४३ मध्ये निघाले, त्यापूर्वी अनेक प्रकाशकांनी ते नाकारले होते. त्यानंतर प्रौढ वाचकांसाठी साधार चरित्र येण्यास साठ वर्षे गेली. मधल्या काळात निघाली ती बहुतांशी बालवाचकांसाठी. गर्डा लर्नर यांनी १९६७ मध्ये सेरा व अँजेलिना ग्रिमके भगिनींचे चरित्र आणि १९७२ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कागदपत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. डॉरोथी स्टर्लिंग यांचा तशाच स्वरूपाचा संग्रह १९८४ मध्ये आला. मेरिलंड विद्यापीठात १९७६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तिविषयक प्रकल्पाने लष्करी दप्तरांतील हजारो कागद उजेडात आणले.

महाराष्ट्राशी या चळवळीचा वैचारिक संबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत राहून लिहिलेल्या युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त (१८८९) या पुस्तकात तेथील स्त्रियांच्या सार्वजनिक कार्याची माहिती मराठी वाचकांना मिळाली. त्या अमेरिकेत होत्या त्या वेळी स्टँटन, अँथनी व टबमन हयात होत्या.

अगदी अलीकडे एडा फील्ड्स-ब्लॅक यांनी कंबाही चढाईवरील ग्रंथात (२०२४) एक नवी वाट चोखाळली. चढाईतील व त्या रात्री मुक्त होऊन सैन्यात दाखल झालेल्या पुरुषांच्या निवृत्तिवेतनाच्या फायली त्यांनी तपासल्या. त्यांत विधवा, शेजारी व जुने सोबती यांच्या जबान्या आहेत : लग्न कोणत्या मळ्यावर झाले, मुले किती, नावेत कोण कोणाबरोबर चढले. त्यांवरून त्या रात्री नदीकाठी धावत आलेल्या कुटुंबांतील अनेक स्त्रिया प्रथमच नावाने ओळखल्या गेल्या. या ग्रंथाला २०२५ मध्ये इतिहासाच्या पुलिट्झर पारितोषिकाचा मान विभागून मिळाला. टबमन यांना मेरिलंड राज्याने ११ नोव्हेंबर २०२४ रोजी मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा दिला.